गोळा सुटल्यापासून पडेपर्यंत: समुद्री लढायांच्या गेमचा पहिला आठवडा

जुलैत वास्कोला समुद्र नुसता बघायचा असतो. ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद, खारीवाड्याला ट्रॉलर एकमेकांना खेटून बांधलेले, आणि पावसाची सर आली की समोरचं बंदरही दिसेनासं होतं. अशाच एका आठवड्यात डिचोलीचा भाचा माझ्याकडे राहायला आला. माझ्या कॉम्प्युटरवर त्यानं ‘वर्ल्ड ऑफ वॉरशिप्स’ लावलं, तीन लढायांत तीनदा बुडाला आणि मला विचारलं, “मामा, मी बरोबर त्याच्यावरच नेम धरतो, तरी गोळा मागेच का पडतो?”

हा प्रश्न पहिल्याच दिवशी पडला, हे त्याचं नशीब. मला तो पडायला महिना लागला होता. बंदुकीच्या गेममध्ये बटण दाबलं की गोळी लागली का चुकली ते तिथल्या तिथे कळतं. जहाजाच्या तोफेचा गोळा मात्र पाच, आठ, कधी बारा सेकंद हवेत असतो आणि पाणतीर (टॉर्पेडो) तर मिनिटभर पाण्यात. या मधल्या वेळाचं काय करायचं, ते शिकणं म्हणजेच हे गेम शिकणं. त्या आठवड्यात आम्ही ज्या क्रमानं गेलो, तोच क्रम नव्यानं सुरुवात करणाऱ्यांसाठी इथे देतो.

बसण्याआधी

गेम कुठला घ्यायचा? कॉम्प्युटर असेल तर ‘वर्ल्ड ऑफ वॉरशिप्स’ घ्या. २०१५ साली आलेला हा गेम फुकट आहे. पहिल्या महायुद्धाच्या आगेमागे बांधलेल्या जहाजांपासून पुढची शेकडो जहाजं त्यात आहेत आणि बॉटशी, म्हणजे कॉम्प्युटर चालवतो त्या जहाजांशी, लढायची वेगळी सोय आहे. नवशिक्याला तीच सोय सगळ्यात मोलाची. ‘वॉर थंडर’मध्येही नौदलाचा भाग आहे. तिथे जहाजाला ‘जीव’ म्हणून एकच आकडा नसतो, खलाशी किती उरले यावर जहाज तगतं. तो जास्त बारकाव्याचा आहे, पण त्याच्याकडे दुसऱ्या महिन्यात वळा. फक्त मोबाइल असेल तर ‘वॉरशिप्स ब्लिट्झ’ आहे, त्यात सात विरुद्ध सात अशी छोटी लढाई होते. आणि घाईगडबड नकोच असेल तर ‘अटलांटिक फ्लीट’. त्यात बुद्धिबळासारखी पाळीपाळीनं चाल असते, तोफेची उंची आणि दिशा तुम्ही ठरवायची, गोळा कुठे पडला ते बघायचं आणि पुढच्या पाळीला सुधारायचं. वयस्क माणसांना मी तोच सुचवतो.

खातं उघडताना सर्व्हर एशियाचा निवडा. एका सर्व्हरवरचं खातं दुसऱ्यावर चालत नाही, त्यामुळे ही चूक नंतर जड जाते. गेम आकारानं मोठा आहे. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर उतरवायला बसू नका, रात्री ब्रॉडबँडवर लावून झोपा. खेळताना वायफायऐवजी राउटरला थेट केबल जोडलेली बरी.

गोव्यातल्या पावसाळ्यात आणखी एक गोष्ट लागते, ती म्हणजे राउटरसाठी छोटा यूपीएस. घरात इन्व्हर्टर असला तरी वीज जाऊन इन्व्हर्टर लागेपर्यंतच्या क्षणात राउटर बंद पडतो आणि पुन्हा जोडला जायला दोनतीन मिनिटं घेतो. तेवढ्यात तुमचं जहाज सरळ रेषेत जात राहतं आणि कुणीतरी ते सावकाश टिपतं. जोडणी परत आली की पुन्हा लॉग इन करा. जहाज तरंगत असेल तर त्याच लढाईत परत शिरता येतं.

पैशांबद्दल आताच सांगतो. पहिले दोन महिने एक रुपयाही घालू नका. या गेममध्ये पैसे देऊन वरच्या श्रेणीचं जहाज लगेच मिळतं, आणि बंद पेट्याही विकत मिळतात, ज्यांत काय निघेल ते आधी कळत नाही. एका गेममध्ये मी पहिल्याच आठवड्यात असं जहाज घेतलं. समोर वर्षानुवर्षं खेळलेली माणसं आली आणि माझ्यामुळे माझ्या बाजूचे अकरा जण महिनाभर त्रास काढत राहिले. मुलं खेळणार असतील तर त्यांच्या फोनवर कार्ड किंवा यूपीआय जोडलेलं ठेवू नका.

पहिले दोन दिवस: बॉटशी लढा आणि मोजा

बटणं थोडीच आहेत. डब्ल्यू आणि एस वेगासाठी, ए आणि डी सुकाणूसाठी. क्यू किंवा ई दाबलं की सुकाणू त्या बाजूला वळवलेलंच राहतं, म्हणजे हात नेम धरायला मोकळा होतो. शिफ्ट दाबलं की दुर्बीण. १ म्हणजे स्फोटक गोळा, २ म्हणजे चिलखतभेदी, ३ म्हणजे पाणतीर. एक्सनं लक्ष्य पकडायचं. आर दाबलं की आग विझते, गळती थांबते. एवढ्यावर आठवडा निघतो.

जहाज अमेरिकन क्रूझर, म्हणजे मधल्या आकाराचं, घ्या. पहिल्या श्रेणीच्या ईरीपासून सुरुवात करून तिसऱ्या श्रेणीच्या सेंट लुईसपर्यंत गेलात तरी आठवड्याला पुष्कळ झालं. विनाशिका (डिस्ट्रॉयर) लहान आणि चपळ दिसते म्हणून मुलं तिच्याकडे धावतात, पण ती चार गोळ्यांत बुडते. बॅटलशिप सगळ्यात जड, तिच्या तोफा भरायला अर्धा मिनिट लागतं, म्हणजे चुकून शिकायची संधी कमी. क्रूझर भराभर बार काढते आणि आपली चूक लगेच दाखवते. विमानवाहू नौका आणि पाणबुड्या या आठवड्यात उघडूच नका.

आता भाच्याच्या प्रश्नाकडे. पुढे किती नेम धरायचा?

पहिल्या संध्याकाळी मी त्याला उत्तर दिलं नाही. दुसऱ्या दिवशी पावसानं उघडीप दिली तेव्हा त्याला रिबंदरला घेऊन गेलो. फेरीबोटीच्या धक्क्यावर उभं राहून मांडवीतून जाणारी एक बार्ज निवडली आणि पलीकडच्या काठावरचा एक खांब. बार्जची नाळ, म्हणजे पुढचं टोक, खांबाच्या रेषेत आलं की मोजायला सुरुवात, आणि पिछाडी त्याच रेषेतून सुटली की थांबायचं. वीस सेकंद भरली. म्हणजे ती बार्ज स्वतःच्या लांबीएवढं अंतर वीस सेकंदांत कापत होती. लांबी ७० मीटर धरली तर सेकंदाला साडेतीन मीटर, सुमारे ७ नॉट, म्हणजे ताशी ७ सागरी मैल. पण नॉट आपल्याला लागतच नाहीत. आपला गोळा १० सेकंद हवेत राहणार असेल तर तेवढ्यात बार्ज किती पुढे जाईल? अर्धी लांबी. मग नेम मध्यापासून अर्धी लांबी पुढे, म्हणजे नाळेवरच धरायचा, की गोळा बार्जच्या मध्यावर पडेल.

सूत्र एवढंच: गोळा हवेत किती सेकंद राहणार, त्याला जहाज स्वतःची लांबी किती सेकंदांत कापतं त्यानं भागा. जेवढं येईल तेवढ्या लांबी, जहाजाच्या मध्यापासून पुढे. गेममध्ये दुर्बिणीतून बघताना गोळ्याला लागणारा वेळ सेकंदांत लिहून येतो. दुसरा आकडा तुम्ही मोजायचा. आपलं जहाज संथ करा, दुर्बीण एका जागी धरा, शत्रूची नाळ मधल्या रेषेवर आली की मनात मोजा. हे सूत्र मला आवडतं, कारण या गेममध्ये जहाजं अंतराच्या मानानं खऱ्यापेक्षा कितीतरी वेगानं पळतात आणि नॉट घेऊन केलेला हिशेब तिथे फसतो. लांबीचा हिशेब फसत नाही. जहाज तिरकं जात असलं तरी तो चालतो, कारण तिरकेपणामुळे जहाज जितकं आखूड दिसतं तितकंच त्याचं पुढे सरकणंही आखूड दिसतं. फक्त जहाज थेट तुमच्याकडे येत असेल किंवा तुमच्यापासून दूर जात असेल तर बाजूचा नेम सोडून अंतराचा विचार करा: येणाऱ्याच्या थोडं अलीकडे, जाणाऱ्याच्या थोडं पलीकडे.

मोजून मारलेला पहिला बारही पुष्कळदा चुकतो. म्हणून सगळ्या तोफा एकदम सोडू नका. एक क्लिक म्हणजे एक बुरूज, म्हणजे एकत्र फिरणाऱ्या तोफांचा एक संच. एक सोडा आणि पाण्याचे फवारे कुठे उडतात ते डोळ्यांत तेल घालून बघा. फवारे जहाजाच्या मागून उडताना दिसले आणि जहाजाची कड स्वच्छ राहिली तर गोळे पलीकडे पडले. फवाऱ्यांनी जहाज झाकलं तर अलीकडे. तेवढी दुरुस्ती करा आणि मग बाकीच्या तोफा सोडा. भाच्याला हे एका संध्याकाळी जमलं. गोळा सुटल्यावर लगेच दुसरीकडे बघायची सवय मोडायला मात्र तीन दिवस गेले. माझ्या मते नवा खेळाडू सर्वांत जास्त हरतो तो याच सवयीमुळे.

तिसरा दिवस: कुठला गोळा

स्फोटक गोळा लागल्या जागी फुटतो आणि आग लावतो. चिलखतभेदी गोळा आत शिरून फुटतो. शत्रू आडवा, म्हणजे पूर्ण कूस दाखवत असेल आणि क्रूझर किंवा बॅटलशिप असेल तर चिलखतभेदी. पाण्याच्या रेषेजवळ, धुरांड्यांच्या खाली मारा. तिथे इंजिनं आणि बॉयलर असतात आणि एकाच बारात अर्धं जहाज जाऊ शकतं. शत्रू तिरका असेल तर चिलखतभेदी गोळा बहुतेक वेळा घसरतो, तिथे स्फोटक घ्या आणि वरच्या बांधकामावर मारा. विनाशिकेवर स्फोटकच, कारण तिचं कवच इतकं पातळ असतं की चिलखतभेदी गोळा न फुटता आरपार जातो.

आग लागली की लगेच आर दाबू नका. ते एकदा वापरलं की पुन्हा तयार व्हायला बराच वेळ लागतो, आणि अनुभवी शत्रू नेमकी तीच वाट बघत असतो. एक आग जळू द्या. दोन लागल्या, किंवा पाणतिरानं पाणी आत येऊ लागलं, की मग दाबा.

चौथा दिवस: माणसांशी

आता बारा विरुद्ध बारा, समोर खरी माणसं. इथे मधला वेळ दुसऱ्या बाजूनं कामाला येतो, कारण शत्रूचा गोळाही आठ-दहा सेकंद हवेत असतो. त्याच्या तोफांच्या तोंडाशी चमक दिसली की सुकाणू वळवा किंवा वेग उतरवा. त्यानं तुमच्या आत्ताच्या वेगाचा हिशेब करून गोळा सोडलेला असतो, तो हिशेब मोडा. आणि बॅटलशिपचा पूर्ण बार होऊन गेला की पुढची पंचवीस-तीस सेकंदं तिच्यासमोर कूस दाखवून वळायला मोकळी असतात. ती मनात मोजायची सवय लावा.

तिरकं राहण्याबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं. गोळा आणि चिलखत यांच्यातला कोन साधारण ३० अंशांच्या खाली गेला की गोळा घसरतो. त्याला अपवाद आहे: तोफ खूप मोठी आणि पत्रा खूप पातळ असेल तर कोन काही वाचवत नाही. म्हणून शत्रूकडे नाळ थोडी तिरकी ठेवून लढतात. पण जहाज एका वेळी एकाच शत्रूला तिरकं राहू शकतं. दोन दिशांनी दोन शत्रू आले की एकाला तरी कूस दाखवावीच लागते.

याचं खरं उदाहरण १३ डिसेंबर १९३९ चं आहे. दक्षिण अमेरिकेत रिव्हर प्लेटच्या मुखाबाहेर जर्मनीच्या ग्राफ श्पे या जहाजासमोर ब्रिटिश बाजूच्या तीन क्रूझर होत्या, एक्सेटर, एजॅक्स आणि अकिलिस. श्पेकडे २८० मिलिमीटरच्या सहा तोफा, पण बुरूज दोनच. क्रूझर तिच्यासमोर बऱ्याच हलक्या होत्या. त्यांनी एकत्र न राहता एक्सेटरला एका बाजूला ठेवलं आणि दोन हलक्या क्रूझर दुसरीकडे नेल्या, म्हणजे श्पेला आपला मारा वाटावा लागला. एक्सेटरची फार दुर्दशा झाली, पण श्पे माँटेव्हिडिओ बंदरात शिरली आणि १७ डिसेंबरला तिच्याच कप्तानानं ती बुडवली. त्यातली अकिलिस पुढे १९४८ मध्ये आपल्या नौदलात आली, आयएनएस दिल्ली या नावानं, आणि १९६१ च्या डिसेंबरात दीवच्या मोहिमेत होती. गेममध्ये मी जोडीदारापासून सरकून बाजूला जातो तेव्हा ही अकिलिस डोळ्यांसमोर असते. जोडीदारापासून लांब जा, पण त्याच्या तोफांच्या पल्ल्याबाहेर नको.

दोन गोष्टी झटक्यात. तोफ डागली की सुमारे वीस सेकंद तुम्ही लांबूनही दिसता. जीव कमी उरला असेल तर बार थांबवा, दिसेनासे व्हा आणि वळा. आणि मित्राच्या मागे राहून पाणतीर सोडू नका. पाणतीर मिनिटभर चालत राहतो, तेवढ्यात मित्र कुठे वळेल सांगता येत नाही. चॅटमध्ये कुणी शिव्या दिल्या तर उत्तर न देता त्याला म्यूट करा.

पाचवा आणि सहावा: जमिनीवरची तोफ

दोन दिवस जहाज सोडून तोफखान्याकडे या. जहाजावर लक्ष्य दिसतं. तोफखान्यात बहुतेक वेळा दिसत नाही, दुसऱ्याच्या डोळ्यांनी मारावं लागतं. ‘हेल लेट लूज’ या दुसऱ्या महायुद्धाच्या गेममध्ये हे उत्तम शिकता येतं. तिथे तोफेची उंची मिलमध्ये लावतात. मिल म्हणजे कोनाचं माप. नाटो पद्धतीत पूर्ण वर्तुळाचे ६४०० मिल आणि जुन्या सोव्हिएत पद्धतीत ६०००. गंमत अशी की एका किलोमीटरवर एक मिल म्हणजे जवळजवळ एक मीटर. दोन किलोमीटरवर दिशा ५० मिलांनी चुकली तर गोळा शंभर मीटर बाजूला पडला असं समजा.

त्या गेममधल्या अमेरिकन आणि जर्मन तोफांना १०० मीटरला ९७८ मिल आणि १६०० मीटरला ६२२ मिल लागतात. म्हणजे अंतर वाढलं की आकडा उतरतो, दर शंभर मीटरला साधारण २४ मिल. सोव्हिएत तोफांचा तक्ता वेगळा आहे. हे आकडे कागदावर लिहून कॉम्प्युटरशेजारी चिकटवा.

मग पुढे असलेल्या साथीदाराशी बोला. त्यानं नकाशावर खूण केली की अंतर काढा आणि एकच गोळा सोडा. गोळा पलीकडे पडला तर शंभर मीटर मागे या, अलीकडे पडला तर पन्नास पुढे, मग पंचवीस. लक्ष्य दोन गोळ्यांच्या मध्ये सापडलं की अंतर निम्मं निम्मं करत जायचं. तीनचार गोळ्यांत लागतं. पण साथीदारानं नीट सांगायला हवं. “लागलं नाही” हे काही उपयोगाचं नाही. “अलीकडे, चाळीस मीटर, डावीकडे” हे उपयोगाचं. धूर लक्ष्याला झाकतोय का लक्ष्य धुरावर उठून दिसतंय, एवढं बघून तो सांगू शकतो. रिबंदरला आणि जहाजावरच्या फवाऱ्यांत जे शिकलो, तेच इथे उपयोगी पडतं.

मी आणि भाचा आळीपाळीनं बसलो. एक तोफेवर, दुसरा पुढे टेकडीवर, फोनवर बोलत. दुसऱ्या संध्याकाळी त्यानं “अलीकडे, साठ” म्हटलं, मी १४ मिल उतरवले आणि गोळा लक्ष्यावर पडला. त्याच्या आईला फोन करून सांगण्याइतका आनंद त्याला झाला.

रविवार

रविवारी कॉम्प्युटर बंद ठेवा आणि सकाळी दोना पावलाला जा. समोर जुवारीचं मुख, पलीकडे मुरगाव बंदर. १८ डिसेंबर १९६१ ला दुपारी याच पाण्यात लढाई झाली. पोर्तुगीजांचं अफोंसो द आल्बुकेर्क हे जहाज बंदरात होतं, १२० मिलिमीटरच्या चार तोफांचं, १९३० च्या दशकात बांधलेलं. आपल्या बेतवा आणि बियास या फ्रिगेटवर साडेचार इंची तोफा होत्या, वेगानं भरल्या जाणाऱ्या. आल्बुकेर्कला हालायला फारशी जागा नव्हती, बाहेर निघायची वाट आपल्या जहाजांनी अडवली होती, आणि काही वेळातच ते बांबोळीच्या बाजूला किनाऱ्यावर चढवावं लागलं. कप्तान जखमी झाला. माझे आजोबा तेव्हा वास्कोतच होते. तोफांचा आवाज आधी गडगडाटासारखा वाटला, पण डिसेंबरात पाऊस कुठला, असं ते सांगत. त्या लढाईत माणसं मेली, हे गेम खेळणाऱ्यानं इथे उभं राहून आठवावं. भाच्याला मी तेवढंच सांगितलं आणि आम्ही काही वेळ गप्प उभे राहिलो.

तिथून बोगमाळोला नौदलाचं विमान संग्रहालय आहे. ते १९९८ साली उघडलं. सी हॅरियर, सीहॉक, अलिझे अशी विमानं तिथे अंगणात जवळून बघता येतात, आणि विमानवाहू नौकेवरून उडणारी विमानं कशी असतात ते हाताच्या अंतरावर कळतं. सोमवारी बंद असतं, म्हणून रविवारच बरा.

त्या सकाळी दोना पावलाहून निघण्याआधी कठड्यावर आम्ही पुन्हा थांबलो. बंदराबाहेर एक मोठं मालवाहू जहाज संथ चाललं होतं. भाच्यानं अंगठा डोळ्यांसमोर धरला, नाळ अंगठ्याला लागताच मोजायला लागला आणि पस्तीसला थांबला. “मामा, गोळा बारा सेकंदांचा असेल तर एकतृतीयांश लांबी पुढे,” तो म्हणाला. खिशातली वही काढून त्यानं तारीख, जागा आणि ३५ हा आकडा लिहिला, आणि पुढचं जहाज कधी येतंय ते बघत राहिला.